कुनाकडं?

चार कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले.
गुहागर ते तवसाळ, चार दिवस.
बॅग रिक्षाने पुढे जाईल, तुम्ही चालत या,
एवढं सांगून साटल्यांचा श्रीधर
दुकानाचं शटर वर करायला गेला.

कागदावर पहिली ओळ: देवळामागून चढा.
पाखाडी संपते तिथे सडा.
गडग्याला फट आहे, तीच वाट.
कुत्रा भुंकेल. फक्त भुंकेल.

बत्तीस वर्षं मी चिपळूणला टपाल लावलं.
पालशेत, बुधल, अडूर, हेदवी, नरवण,
माझ्या लेखी ही गावं नव्हती, खण होते.
न बघता हात जायचा.
पालशेत खांद्याशी,
नरवण कमरेशी, हेदवीची फळी जरा उसवलेली,
तिच्या खिळ्याला बोट लागायचं.

पालशेत नि बुधलच्या मध्ये
बोटभर जाडीची एक फळी होती.
आज सकाळपासून मी त्या फळीवर चालतेय.
काळा कातळ. वाळलेलं गवत, गुडघ्याएवढं.
काजूच्या मोहोराचा तुरट वास.
डावीकडे कुठेतरी चिरेखाणीची करवत,
उजवीकडे समुद्र, इतका खाली
की त्याचा आवाज वर पोचत नाही.

पाण्याच्या टाकीपाशी एक आजोबा: कुनाकडं?
कुंपणाआडून, नुसता आवाज: कुनाकडं चाललाव?
स्कूटर थांबवून, एक पाय जमिनीवर: कुनाकडं?
कुणाकडेच नाही.
मंग?
फिरायला.
हां, म्हंजे जागा बघताव.
तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा
मलाही वाटायला लागलं, बघत असेन.

मन्सूर होडेकरचा फोन: बाई, बॅग पोचली.
अकरा वाजता पोचली म्हणे, ओटीवर आहे, पंख्याखाली.
मी अजून दुसऱ्या कागदाच्या मध्यावर,
करवंदीच्या जाळीतून ओढणी सोडवतेय.

कागद म्हणतो, जांभळीपाशी डावीकडे.
जांभूळ नाही. बुंधाही नाही.
उकरलेली लाल माती, तिच्यात जेसीबीचे दात,
नि पत्र्याचा फलक, फोन नंबरसकट.
मग मी उतार दिसला तिकडे उतरले.

घरं एकाखाली एक, पायऱ्यांसारखी.
पहिल्याच अंगणात एक बाई कोळंबी सोलत होती.
मान वर न करता: कुनाकडं?
आणि माझ्या तोंडून निघून गेलं:
द्रौपदी काशिराम नाटेकर.

दर महिन्याच्या सात तारखेची मनिऑर्डर.
चाळीस रुपये, मग साठ, मग एकशे दहा.
खालच्या पट्टीवर तिरकं अक्षर, एकच ओळ:
गणपतीला येतो.
मग एका सप्टेंबरात काहीच नाही.
ऑक्टोबरातही मी तो खण
दोनदा चाचपून बघितला होता.

बाईचे हात थांबले.
ती? तिला जाऊन झाली की वीस वर्सं.
तुमी कोन तिची?

पोस्टातली, म्हटलं.
तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
पिशवीतले कागद पाहिले.
एवढ्या उशिरानं? म्हणाली,
आणि उठून आत गेली.

ताक आणलं, पेल्याच्या तळाशी मिठाचा खडा.
जांभूळ कधी पाडलं ते तिला पक्कं ठाऊक,
शिमग्याच्या आदल्या दिवशी.
वाट आता व्हाळातून.
कुत्रा मेला. हल्ली भुंकतो तो त्याचा मुलगा.
काशिरामचं तिने काही सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
कोळंबीची टरफलं घमेल्यात पडत राहिली.

चौथ्या दिवशी तवसाळला फेरीबोट.
दोन डंपर, एक लग्नाची जीप, आणि मी.
तिकीटवाला म्हणाला, एकच?
एकच.
बॅग पलीकडे, जयगडला,
कुणाच्या तरी बाकावर बसलेली.

श्रीधरचे कागद परत द्यायचेत.
दुसऱ्या कागदाच्या पाठीवर मी लिहिलं,
बोट हलत होती, अक्षर तिरकं आलं:
जांभूळ नाही. व्हाळातून जा.
बुधलला कुणी विचारलं कुनाकडं,
तर द्रौपदी नाटेकर म्हणा.
ताक मिळेल.