माया

बडकस चौकाच्या मागे, आठ बाय दहाच्या दुकानात
दिवसभर टेप माझ्या गळ्यात असते.
छाती, कंबर, बाही, पाठ.
बायकांची मापं मी पेन्सिलीनं लिहिते
आणि पान उलटलं की विसरते.
इतकं सोपं असतं ते,
दुसरीचं.

गिऱ्हाईक पायरी उतरलं की
माझा अंगठा आणि मधलं बोट
मनगटाला वेढा घालून एकमेकांना भेटतात का, बघतात.
भेटतात.
सकाळीही भेटले होते. तासाभरापूर्वीही.
तरी पुन्हा,
कुलूप लावलं ना, म्हणून
अर्ध्या रस्त्यातून परत फिरणाऱ्या माणसासारखे.

सीताबर्डीला गेले तर शोरूमच्या काचेत
मला साड्या दिसत नाहीत, मी दिसते, बाजूनं.
मेट्रोच्या खिडकीत मी.
डब्याच्या झाकणात मी, पसरट.
मे महिन्यात कूलरसमोर ओला गाऊन पोटाला चिकटतो
तेव्हा तर हात
माझी परवानगीही मागत नाहीत.

मेडिकलमध्ये खोब्रागडे मॅडम म्हणाल्या,
लगेच थांबवू नका, आधी फक्त मोजा.
मला हसू आलं. मोजण्याच्या दुखण्यावर मोजणं!
पण खडू हातात होताच.
कटिंगच्या टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही अशा फळीवर
दर वेळी एक रेघ.
संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस.
मी तिथंच बसून राहिले खाली, चिंध्यांमध्ये,
मशीनचा दिवा चालू ठेवून.

पुढच्या वेळी म्हणाल्या,
हात उठला की दहा मिनिटं थांबायचं.
दहा मिनिटं म्हणजे
एका ब्लाउजची हुकपट्टी.
कधी हुकपट्टी होईस्तोवर हात विसरून जातो
कशासाठी उठला होता ते.
कधी नाही विसरत. रेघ.

वजनकाटा धनराज भंगारवाल्याला दिला.
त्यानं तो आपल्या काट्यावर ठेवला
आणि त्याचंच वजन मला सांगितलं.
आलेल्या पैशांचे तर्री-पोहे घेतले टपरीवर.
अर्धे खाल्ले.
प्लेट हातात धरून उभी राहिले बराच वेळ,
मग उरलेलेही.
त्या रात्री झोप आली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

परवा नलूताई ढोक जुना ब्लाउज घेऊन आल्या.
‘उसव वं, अन् सोड थोडा.
श्वास घ्याले जागा पायजे, मी काई फोटो नाई.’
ब्लेडनं टाके तोडले.
आत दोन्ही बाजूंना बोटभर माया,
मीच ठेवलेली, सहा वर्षांपूर्वी.
बाहेरचा जांभळा उन्हानं विटून गेलेला,
आतला तसाच, दुकानातून आणल्या दिवसासारखा.
प्रत्येकीला ठेवते मी. न विचारता.
भोयर मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
माया न ठेवता शिवलेला कपडा
म्हणजे बाईला दिलेली धमकी.

नलूताई गेल्या. शटर अर्धं ओढलं,
अंगातला ब्लाउज काढून ओढणी गुंडाळली,
तो उलटा केला, दिव्याखाली धरला.
शिवण पार काठाला टेकलेली.
धागाभरही नाही.
माझ्याच हातचा टाका, ओळखू येतो.

मग फळीवरून ते मोरपंखी कापड काढलं,
गांधीबागेतून आणलेलं,
थोडी बारीक झाले की शिवीन, म्हणून
दोन वर्षं घडीतच राहिलेलं.
घडीवर पिवळी रेघ उमटली होती.
टेप लावली. आकडा पाठ व्हायच्या आत
वहीत उतरवला,
नलूताईंच्या खाली, पेन्सिलीनं.
नाव लिहिलं: वैजयंता.
पान उलटलं.

परत मागे जाऊन एकदा पाहिलं.
टेबलाखाली वाकून एक रेघ ओढली, आजची तिसावी.
मग तोच खडू कापडावर टेकवला,
मापाच्या बाहेर दोन बोटं जागा सोडली
आणि कात्री घेतली.