रकाना सोळावा

गोठ्यात शिरायचं, मधोमध उभं राहायचं,
हात खाली, नजर खाली,
आणि स्टॉपवॉच सुरू करायचं.
पहिली शेळी नाकाने शिवेपर्यंत किती सेकंद?
हा रकाना चौथा. यात भीती मोजायची.

ब्रेशाजवळ, पो नदीच्या सपाटीवर,
फेर्रूच्चोच्या लांबच लांब शेडमध्ये
नऊ सेकंद.
अकराव्याला माझ्या कोटाची नाडी
कुणीतरी चघळत होतं.
नऊशे पांढऱ्या शेळ्या, कानांत पिवळे बिल्ले,
कासा स्वच्छ, पाणी स्वच्छ, पेंढा कोरडा.
खूर मात्र वाढलेले,
काहींचे चोचीसारखे पुढे वळलेले.
"दगड कुठून आणू?" फेर्रूच्चो म्हणाला
आणि खरंच ओशाळला.
भला माणूस. आजारी शेळीपाशी रात्र काढतो,
हे त्याने सांगितलं नाही;
कोपऱ्यात घडीची खाट होती, तिच्यावर पांढरे केस.

रकाना सोळावा: कळपापासून तुटलेली.
४१७ नंबर भिंतीकडे तोंड करून उभी.
दहा मिनिटं.
चारा आला, सगळ्या गव्हाणीकडे धावल्या,
तिने मान वळवली नाही.
मी खूण केली. एक.
फॉर्ममध्ये 'का' लिहायला जागा नसते;
ते बरंही असतं, जेवायची वेळ झालेली असते.

मग बोट, मग सार्डिनिया,
डिसेंबरातले ओल्यास्त्राचे डोंगर.
बाकीझिओ, वय एकाहत्तर,
एकशे चाळीस शेळ्या, दोन कुत्री, एक गुडघा चांगला.
मी मधोमध उभी राहिले,
पण मधोमध म्हणजे कुठे?
कुंपणच नव्हतं. कळप कडा चढून गेला.
पाचशे सेकंदांनी स्टॉपवॉच बंद केलं.
"त्यांना विचारलंत तरी काय?" बाकीझिओ म्हणाला.

मग दुर्बिणीतून गुण दिले.
खूर सुरेख, दगडांवर झिजून गोल.
बरगड्या लांबूनही मोजता येतील अशा,
कासेवर काट्यांचे ओरखडे, कानांत गोचिडी.
एक गेल्या आठवड्यात दरीत गेली, तीही लिहिली.
बेरजेत फेर्रूच्चो पुढे. थोडाच.

तेवढ्यात एक दिसली, लांब,
कपारीशी, दगडाकडे तोंड करून.
कळप घंटा वाजवत पलीकडे उतरला,
ती जागची हलली नाही.
मी पेन टेकवलं सोळाव्यावर.
"थांबा," तो म्हणाला, आणि खाली बसलाच.
वारा होता. त्याने अर्धी भाकरी मला दिली,
अर्धी कुत्र्यांना.
किती वेळ गेला ते मोजलं नाही.
मग तिने पुढचा खूर हलकेच आपटला,
घशातल्या घशात काहीतरी म्हणाली,
आणि कपारीतून
चार बारीक पाय, न वाळलेले कान,
धडपडत बाहेर आले
आणि कासेला ढुसण्या देऊ लागले.
"लपवून ठेवतात," बाकीझिओ म्हणाला.
"कोल्ह्यापासून. माझ्यापासूनही."

परतीच्या बोटीवर फॉर्म चाळत बसले.
४१७. भिंत. दहा मिनिटं.
उशीर झाला होता, तरी फोन लावला.
फेर्रूच्चो, त्या भिंतीपलीकडे काय आहे?
"पलीकडे?" त्याने जांभई दिली.
"करडांची खोली. दिवे, बाटल्या.
पहिल्याच दिवशी नेतो ना आम्ही तिकडे.
का?"

काही नाही, म्हटलं.

एक खोडून शून्य करावं, तर तेही खोटं:
एकटी तर ती होतीच.
पान्ह्याचा रकाना शोधला. लिटरचा सापडला.
समास कोरा होता.
बोट हलत होती, अक्षर वेडंवाकडं आलं:
४१७ चे कान कुठे होते?
पुन्हा जाऊन पाहणे.