दहा सेंटिमीटरचा चौकोन

दोना देओलिंदाचा जुना संगणक मार्चमध्ये गेला.
मी त्याला नव्या लॅपटॉपच्या पोटात बसवला, होता तसा.
तेच हिरवं टेकाड, तेच निळं आभाळ,
तीच कपडे बेतायची सीडी, दोन हजार एक सालची,
आजच्या कुठल्याच यंत्राशी न बोलणारी.
"म्हणजे तो आता आत राहतो," ती म्हणाली,
"आणि त्याला बाहेरचं काही दिसत नाही?"
खिडकी आहे, मी म्हणालो. दार नाही.

प्रिंटर इस्त्रीच्या टेबलाखाली, तीन पावलांवर.
वाय-फायचा निळा दिवा अखंड तेवता.
लॅपटॉपने सांगितलं की मुकाट छापतो: बिलं, बोटीची तिकिटं,
मादालेनाहून नातीने पाठवलेला मांजराचा फोटो.
आतल्या पाहुण्याने हाक मारली की मात्र
ती यजमानाच्या ओसरीवरच विरते.
काखेत कळसा, आणि गावाला वळसा घालण्यात
माझी शुक्रवारची संध्याकाळ गेली.

कोट बेलार्मिनोचा होता.
बत्तीस वर्षं ओर्ताच्या बँडमध्ये टुबा वाजवून
त्याचा डावा खांदा चार सेंटिमीटर उतरलेला.
हे त्याच्या बायकोला माहीत नाही, डॉक्टरला नाही,
फक्त देओलिंदाला आणि त्या सीडीला.
ऑगस्टात बँड नव्या निळ्या कोटात निघणार
आणि खांदा अडकलाय
दोन यंत्रांमधल्या भिंतीत.

मग मी पूल टाकला.
सेटिंगमधला एक शब्द बदलला, इतकंच.
यजमानाच्या नावावर टपाल घेणाऱ्या पाहुण्याला
स्वतःचा घरनंबर मिळाला.
प्रिंटरचा पत्ता त्याच्याच इवल्या पडद्यावरून वाचला,
देओलिंदाने शिंपीखडूने चिंधीवर उतरवला:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट,
एक, सदतीस.
"या मापाचा माणूस," ती म्हणाली,
"अजून माझ्याकडे आला नाही."

प्रिंटर गुरगुरला. आम्ही दोघं उठून उभे राहिलो.
पहिलं पान: वरच्या कोपऱ्यात अर्धी ओळ,
पत्त्यांतला बदाम, हसरा चेहरा, टक्क्याची खूण.
दुसरं पान: तेच.
सत्ताविसाव्या पानावर मी प्लग उपटला.
जुन्याला नव्याची भाषा येत नव्हती.
दोघांच्या आजोबांची बोली जाणणारा
एक साधासुधा, बिननावाचा ड्रायव्हर
शेवटी सापडला जुन्याच्याच माळ्यावर,
इतकी वर्षं कुणी हात न लावलेला.

समोर पिकोचा डोंगर ढगात शिरला, बाहेर आला.
साडेआठची बोट गेली.

आणि मग बाही आली. खरीखुरी बाही,
मग पाठ, मग कॉलर, तुकड्यातुकड्यांनी, एकोणीस पानांत.
मी टाळी वाजवली. तिने नाही.
तिने गळ्यातली टेप काढली
आणि पहिल्या पानावरचा छोटा चौकोन मोजला,
जो कोटात कुठेच जात नाही,
फक्त मोजण्यासाठी असतो.
"नऊ पूर्णांक सहा."
मग? मी म्हणालो.
"दहा हवा. या कोटात बेलार्मिनो
श्वास रोखून चालेल. टुबा कोण फुंकणार, तू?"

पानात मावेल असं छापायचं,
ही खूण कुणीतरी आधीच लावून ठेवलेली.
न विचारता केलेलं सौजन्य, चार टक्क्यांचं.
ती काढली. पुन्हा एकोणीस पानं.
शाई संपत आली होती, शेवटच्या रेघा राखाडी.
तिने पुन्हा टेप लावली, चष्मा वर केला, खाली केला.
"दहा," असं म्हणाली नाही.
चिकटपट्टी घेऊन सरळ खाली बसली.

रात्री अकरा वाजता फरशीवर
एक माणूस आडवा होता,
कागदाचा, बिनडोक्याचा,
डावीकडे जरासा कललेला.
मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.
त्याला ओलांडून नाही.
वळसा घालून.