कारण: दमट हवा

रुवीच्या मागं, हमरियात, तिसरा मजला.
लिफ्ट बंद. हत्यारांची पेटी खांद्यावर,
कपाळाला पट्ट्याचा दिवा, घाम पापणीत.
दार उघडणारा म्हणाला, "आवाज करतो."
सगळे एवढंच सांगतात.

कान लावला.
कर्र. मग खट्. मग काहीच नाही.
पातं बर्फाला घासतंय.
वर मासे दगड झालेले, खाली दूध नासलेलं.
पंखा अडला की असंच होतं,
थंडी वरच्या मजल्यावर कोंडून राहते,
खालच्यांच्या वाट्याला नुसता दिवा.

आठ माणसं, एक फ्रीज.
फळीफळीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव.
कोयाचं ताक, शफीकुलचा मासा,
दारातल्या कप्प्यात एक लिंबू, त्याला मालक नाही.
"सगळं बाहेर काढा."
खाटेवर पेपर पसरून त्यांनी मांडलं ते,
आणि एकमेकांच्या डब्यांकडे न बघता उभे राहिले.

प्लग काढला. मागचं झाकण खोललं,
चार स्क्रूंपैकी एक आधीच कुणीतरी हरवलेला.
आत वारूळ. पांढरंशुभ्र.
एकानं सुरी आणली, मी काढून घेतली.
सुरीनं बर्फ निघतो, नळीही फुटते,
गॅस गेला की फ्रीजचं कपाट होतं.
कोमट पाणी आण. आणि घाई नको.

"एवढा बर्फ येतो कुठून?" कोयानं विचारलं.
तुमच्यातूनच, म्हटलं.
भाताची वाफ, दोरीवरची ओली बनियनं,
आठ जणांचे श्वास, मत्राहच्या खाडीवरून आलेला दमटपणा.
दार उघडं दिसलं की शिरतो,
सगळ्यात गार कोपरा शोधून बसतो
आणि उठायचं नाव घेत नाही.

हीटर मोजला. ठीक.
पाण्याची वाट बघितली. एक वाटाणा निघाला, पण वाट मोकळी.
दाराच्या रबरात शंभर बैसाची नोट धरून ओढली,
फाटेल पण सुटणार नाही इतकं घट्ट.
पंखा बोटानं फिरवला. गुमान फिरला.
बिघाड कुठंच नाही, आणि वारूळ तर समोर.

बाकीचे चहाला खाली गेले.
संपत घुगरे मागं राहिला. बादली पुसत होता, कोरडी बादली.
"दार मी उघडं ठेवतो," म्हणाला.
"किती वेळ?"
"अर्धा तास. रोज."

इथं साडेचार, तिकडं गडहिंग्लजला सहा.
पोरगी शाळेला निघते, तेवढाच वेळ भेटते.
स्वयंपाकघरातही दोघं झोपलेले,
ट्यूब लावली की आईबहीण निघते.
म्हणून फ्रीजचं दार उघडून खाली बसायचं,
मोबाईल पुढं धरायचा.
"ती विचारते, बाबा, तुमच्यामागं मासे का?"

दार उघडलं की पंखा आपोआप थांबतो,
कारखान्यातूनच तशी सोय असते.
थंडी वाया जाऊ नये म्हणून.
ती शांतता पलीकडं ऐकू जात असेल,
वेणी घालणाऱ्या बाईला, रिबीन दातात धरलेल्या पोरीला.

झाकण बसवलं, तीन स्क्रूंवर.
दार लावलं. आत पंखा फिरायला लागला, घूं घूं, सरळ.
परत उघडलं. गप्प.
मी खाली बसून बघितलं:
उजेड एका बाजूनं पडतो, अर्धाच चेहरा दिसतो.

कपाळावरचा दिवा काढून त्याला दिला.
दुकानात सांगेन, हरवला.
दीड रियाल कापतील, फुकट नाही म्हणायचं हमदुलेला.
कार्डावर लिहिलं. कारण: दमट हवा.
नवीन भाग: नाही.
सही कोयानं केली, मल्याळममध्ये.

जिन्यातला बल्ब गेलेला होता.
दुसऱ्या मजल्यावर पेटीसकट ठेचकाळलो,
आणि हात सवयीनं कपाळाकडं गेला.