खरं का बनवलेलं

ग्रामपंचायतीनं साडेचार हजार दिले
आणि वर सचिवानं एक वाक्य फुकट:
"ज्ञानाची घ्या मॅडम, गोष्टीबिष्टी नको."
सिंदेवाहीहून चंद्रपूरची एसटी धरली,
मांडीवर खताच्या पोत्याची शिवलेली थैली,
थैलीत पोट्ट्यांनी लिहून दिलेला कागद.

प्रज्योत शेंडेचं पहिलंच: पोलीस भरती, लेखी न् मैदानी.
खाली त्याचंच, बारीक अक्षरात: भुताचं असन तं एक.
रोहिदासला ट्रॅक्टरचं इंजिन उघडून दाखवणारं हवं.
आठवीतल्या पोरींनी नुसती रेघ ओढली होती,
रेघेवर: मॅडम, तुम्हाले माहीत आहे.
माहीत होतं मला.
आणि अगदी तळाशी आचल कोवे, चौथी:
वाघ.
एवढंच. पूर्णविराम दिलेला.

दुकानदारानं विचारलं, "वयोगट?"
काय सांगू?
पंधराचा प्रज्योत धाकट्याला मांडीवर घेऊन
चित्रांचं पुस्तक वाचतो, त्याच्यासाठी म्हणे.
पान उलटायची घाई धाकट्याला असते,
त्याला नसते.

इंजिनाचं मिळालं, कव्हर फाटलेलं, अर्ध्या किमतीत.
पोरींसाठीचं, अंगात काय काय बदलतं ते सगळं
नीट नावं घेऊन सांगणारं,
दुकानदारानं न विचारता पेपरात गुंडाळलं.
मी तिथंच पेपर सोडला, घडी करून त्याला परत दिला.
भुताचं घेतलं. त्यावर "ज्ञान" कुठंच नव्हतं.

वाघ दोन होते.
एकाला चष्मा, तो हरणांची शाळा घेतो,
सशाच्या वाढदिवसाला पेढे वाटतो.
दुसरा खरा: वजन, दात, हद्द, पिलं,
एकतिसाव्या पानावर मान धरलेलं सांबर.

मागच्या चैत्रात आचलची माय
मोह वेचायला गेली, उजाडायच्या आधी.
टोपली तेवढी परत आली.

मी दोन्ही वाघ जागेवर ठेवले,
मुंग्यांचं एक छान पुस्तक घेतलं,
आणि बसमध्ये मूलपर्यंत
स्वतःला शहाणी समजत राहिले.

आचलनं थैली तळापर्यंत उपसली.
"वाघ?"
"मिळाला नाही गं."
वाचनालयातली त्या दिवसाची
पहिली बनवलेली गोष्ट मीच सांगितली.

ती मुंग्यांच्या कव्हरवर बोट फिरवत राहिली.
मग म्हणाली,
"बाबा म्हणते, वाकलेल्या माणसाले
तो माणूस समजतच नाही.
त्याले वाटते, जनावरच चरून राहिलं.
माय वाकूनच होती ना जी.
हे खरं आहे, का बाबानं बनवलेलं?"

पुढच्या मंगळवारी पुन्हा चंद्रपूर.
पैसे माझे, पावती नाही.
दोन्ही वाघ आणले,
टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि
उगीच खिडकीचा कडीकोयंडा तपासत उभी राहिले.

चष्मेवाला तिनं उघडलाही नाही.
"सोनूले नेतो. त्याले अजून बनवलेलं चालते."
सोनू सहाचा. ही नऊची.

खरा वाघ तिनं तिथंच वाचला,
फरशीवर पालथी पडून, ओठ हलवत.
एकतिसाव्या पानावर तळहात ठेवला चित्रावर
आणि बोटांच्या मधून, कडेकडेनं,
एकेक ओळ वाचून काढली.
बाहेर पोट्टे भुताच्या पुस्तकासाठी भांडत होते.
मला कुणाला ओरडावंसं वाटलं नाही.

दिवेलागणीला तिनं पुस्तक आणून दिलं.
पानं सरळ, कोपरा दुमडलेला नाही.
"यात नाही लिहून," ती म्हणाली,
"वाकलेल्या माणसाचं.
दुसरं आणजा जी."