साडेतीन दिवस

झेलम तासभर उशिरा, म्हणजे वेळेवरच.
ग्वाल्हेरच्या फलाटावर पाय ठेवला
आणि लू आली अंगावर,
नाव न विचारता.
दादा उभा होता.
एजी ऑफिसातून हिशेबनीस म्हणून निवृत्त,
पांढरा बुशशर्ट, खिशात कांदा.
दुसरा माझ्यासाठी.
"पर्समध्ये ठेव. हसून काय राहिलीस?"

हसून काय राहिलीस.
पुण्यात तीस वर्षं हे क्रियापद मी
कान तुटलेल्या कपासारखं
मागच्या फळीवर ठेवलंय.
सासूबाई विचारायच्या, "राहिलीस? कुणाकडे?"
सगळे हसायचे. मीसुद्धा.
आणि जनकगंजच्या वळणावर
माझ्याच तोंडून निघालं,
"भैया, इथंच रोकून द्या."
टेंपोवाल्याला मराठी येत नव्हतं.
थांबला तो.

पहिला दिवस कूलरसमोर गेला,
खसाच्या ओल्या वासात.
कूलर तोच, कैलाश मिस्त्रीने ठोकलेला,
एका पायाखाली माझं दहावीचं भूगोल,
पंजाबातल्या कालव्यांपर्यंत भिजलेलं.

दुसऱ्या दिवशी सरोज भदौरिया.
जाळीच्या दारातूनच ओरडली,
"अरी ओ मराठन, आ गई? कितनी मोटी हो गई!"
ओढणी डोक्याला गच्च बांधलेली.
खाली केस नाहीत, हे दादाने
टेंपोतच सांगितलं होतं.
ती बोलली नाही, मी विचारलं नाही.
मीठ लावलेले फालसे होते वाटीत.
बिया थुंकत बसलो अंगणात,
कुंडीपलीकडे कुणाची जाते.
अकरावीत ती जिंकायची.
आजही तीच.

नलू करकरेकडे कुलूप.
"वो तो बेटी के पास, रायपुर," शेजारीण म्हणाली.
दाराखालून चिठ्ठी सरकवली, खाली नंबर लिहिला,
तिच्याकडे तो आहेच, हे जिना उतरल्यावर आठवलं.

भालूकाकांनी मला आई समजून विचारलं,
"काय मनोरमा, नळाला पाणी आलं का?"
"आलं," म्हटलं. "दोन्ही हंडे भरलेत."
त्यांना बरं वाटलं.
मलाही, का कोण जाणे.

घरी यायला रात्रीचे दहा वाजले.
रजनी वहिनी गच्चीवर पाणी शिंपडत होती.
भिंडच्या तोमरांची ती. लग्न होऊन आली
तेव्हा मराठीत फक्त "हो" यायचं,
तेही नको असेल तेव्हा.
आई तिला स्वयंपाकघरात बसवून
केळं, पोळी, मुळा म्हणायला लावायची.
मी वर चढले, तर बादली न ठेवताच ती म्हणाली,
"आली का लष्करची स्वारी?
आधी पाय धुवा, मग बढाया."

शब्द न् शब्द आईचा.
"स्वारी"वरची ती चढणसुद्धा.
फक्त ळ असता एखादा, तर भिंडचा निघाला असता.
माझ्याकडे आईच्या दोन माहेश्वरी साड्या आहेत
आणि चष्म्याची केस.
हे वाक्य माझ्याकडे नव्हतं,
इतकंच काय, हरवलंय हेही ठाऊक नव्हतं.
मी पाय धुतले.
तापलेल्या गच्चीवरून वाफ निघत होती,
किल्ल्यावरचे दिवे तिच्यात थोडे हलत होते.
"अजून बोल काहीतरी," म्हटलं वहिनीला.
"काय बोलू? झोपा आता.
सकाळी पाणी साडेपाचलाच येतं."

उरलेला अर्धा दिवस पुऱ्या बांधण्यात गेला.

घरी पर्स उपडी केली, तर कांदा घरंगळला.
"हा कशाला?" यांनी विचारलं.
"तिकडे लू लागून राहिली होती."
"लागत होती," यांनी दुरुस्त केलं, पेपरातून डोकं न काढता.
"नाही. लागून राहिली होती."
मग कांदा टोपलीत टाकला,
बाकीच्या कांद्यांत.