चार नंबरचा माग

गुंडेटींच्या कारखान्यात
सोमवारी सकाळी सगळी बिलं कुलूपबंद झाली.
पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी,
आणि मल्लेशम शेठ मला विचारतात,
"मॅडम, यातली पक्की सिस्टिम कुठली? एकदाच सांगून टाका की."

काय सांगू.
विंडोजच्या गल्लीत घरं फार, शेठ,
म्हणून चोरही तिथंच जास्त फिरतात.
तुमची तर दहा वर्षांपूर्वीची,
अपडेटला दरवेळी 'नंतर' म्हणत आलात.
मॅक म्हणजे एक्स्पोर्टचा टॉवेल,
प्लास्टिकात बंद, देखणा;
आतला धागा कंपनीच तपासणार,
आपण फक्त विश्वास टाकायचा, आणि पैसे.
लिनक्स आपल्या चादरीसारखी,
उलटी बाजूही उघडी,
गाठ कुठं बसली ते कुणालाही दिसतं.
दिसतं म्हणजे कुणी बघतंच असं नाही.
मान उलटी विणलेले तुमचे मोर,
तीनशे नग,
पुण्याला जाऊन परत आलेच ना?

शेठ हसले नाहीत.
कीबोर्डच्या फटीत शेंगाचटणी.
भिंतीपलीकडं माग चालूच, खडखड खडखड.
ताण्याचा एक धागा तुटला
की आपोआप थांबतो तो.
हे यंत्र आतून उसवलं तरी चालत राहतं,
बिलं छापत, गुपचूप.

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

शेठनी नुसतं बोट दाखवलं.
चार नंबरच्या मागावर, खडूनं,
मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये.
कुणाची अडचण नको म्हणून.